जुन्या व्रणासह दुसरे बाळंतपण

दुसऱ्यांदा दिवस गेल्याचे निश्चित झाले तेव्हा डॉक्टरांनी शेवटच्या पाळीची तारीख लिहून घेतली आणि लगेच विचारले, की पहिल्या सिझेरियनच्या वेळी गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा. पोटावरचा व्रण आडवा असल्याचे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, की कातडीवरच्या छेदावरून आतला छेद ओळखता येत नाही. वर आडवा आणि आत उभा असेही क्वचित असते, आणि पुढचा सगळा विचार आतल्या छेदावर अवलंबून आहे. पहिल्या बाळंतपणाला काही वर्षे लोटली होती, टाके भरून आले होते, रोजची धावपळ पूर्ववत सुरू झाली होती. माझ्या लेखी ती शस्त्रक्रिया केव्हाच संपली होती. डॉक्टरांच्या लेखी तिचा हिशेब आता कुठे सुरू होत होता.

गर्भाशयाचा वरचा भाग जाड स्नायूंचा असतो आणि कळांचा मुख्य जोर तिथलाच असतो. खालचा भाग गरोदरपणाच्या उत्तरार्धात ताणला जाऊन पातळ होतो. वरच्या भागावर उभा छेद घेतलेला असेल, तर पुढच्या वेळी कळांच्या जोराने तो उसवण्याची शक्यता शेकडा ४ ते ९ मानली जाते. खालच्या भागावरच्या एका आडव्या छेदाच्या बाबतीत ती साधारण दोनशेत एक इतकी कमी असते. १९१६ मध्ये अमेरिकेतील एडविन क्रेगिन या डॉक्टरांनी ‘एकदा सिझेरियन म्हणजे कायम सिझेरियन’ असे लिहिले, ते उभ्या छेदाच्या काळात, आणि तेही पहिले सिझेरियन करताना सहकाऱ्यांनी फार विचार करावा हे बजावण्यासाठी. पुढे १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या आडव्या छेदाचा पुरस्कार केला आणि हळूहळू तोच सर्वत्र रूढ झाला. क्रेगिन यांचे वाक्य मात्र नियमासारखे लोकांच्या तोंडी राहिले आणि त्यातला इशारा मागे पडला. आमच्या नात्यातल्या बहुतेकांनी मला हेच वाक्य आपापल्या शब्दांत ऐकवले: पोट एकदा उघडलेच आहे, तर आता तारीख ठरवून मोकळी हो.

घरी असलेल्या डिस्चार्ज कार्डावर ‘प्रसूतीत प्रगती न झाल्याने सिझेरियन, माता व बाळ सुखरूप’ एवढाच मजकूर होता. छेद कोणता होता, तो कसा शिवला, रक्त किती गेले, मूत्राशय बाजूला करताना काही अडचण आली का, यांपैकी काहीही त्यात नव्हते. हे सर्व शस्त्रक्रियेच्या नोंदीत असते आणि ती नोंद रुग्णालयाच्या दप्तरात राहते. पहिल्या रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून आणि बराच पाठपुरावा करून ती पाने एकदाची हातात आली. ज्या बाईचे सिझेरियन झाले आहे तिने ही नोंद घरी परतण्यापूर्वीच मागून घ्यावी, असे माझे आता ठाम मत आहे. काही वर्षांनी गाव बदलते, डॉक्टर बदलतात आणि कधी कधी दप्तरही सापडत नाही.

छेद खालचा आणि आडवाच होता, त्यामुळे पहिली चिंता मिटली. पण त्या पानांत आणखीही बरेच काही होते. दिवस उलटून गेल्यामुळे मला औषधाने कळा आणल्या होत्या, गर्भाशयमुख ४ सेंटीमीटर उघडून तिथेच थांबले होते, बाळाच्या हृदयाचे ठोके शेवटपर्यंत चांगले होते, आणि ‘प्रगती नाही’ या कारणावरून शस्त्रक्रियेचा निर्णय झाला होता. डॉक्टरांनी ती पाने माझ्यासमोर वाचली, पण त्या निर्णयाविषयी काही बोलल्या नाहीत. मी विचारले तेव्हा मात्र त्यांनी थोडा वेळ काढून समजावले. गर्भाशयमुख तासाला साधारण १ सेंटीमीटर उघडलेच पाहिजे, ही अपेक्षा १९५० च्या दशकात इमॅन्युएल फ्रीडमन यांनी काढलेल्या आलेखांवरून रूढ झाली आणि अनेक दशके तिच्याच आधारे प्रसूती ‘अडली’ असे ठरवले गेले. नंतरच्या निरीक्षणांत असे दिसले, की पुष्कळ निरोगी स्त्रियांची प्रसूती सुरुवातीला याहून कितीतरी संथ चालते आणि तरीही सुरळीत पार पडते. म्हणून अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये कळांचा वेगाचा टप्पा ४ ऐवजी ६ सेंटीमीटरपासून धरावा असे सांगितले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ती सीमा ५ सेंटीमीटर ठेवली. या हिशेबाने मी प्रसूतीच्या त्या टप्प्यात पोहोचलेच नव्हते, आणि जिथे पोहोचले नव्हते तिथे अडल्याचा शिक्का माझ्यावर बसला होता.

यावरून औषधाने कळा आणणे हेच सगळ्याचे मूळ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह मला झाला होता; डॉक्टरांनी तो लगेच खोडून काढला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत कमी जोखमीच्या पहिलटकरणींना ३९ व्या आठवड्यात औषधाने कळा आणल्या, तेव्हा त्यांच्यातील सिझेरियनचे प्रमाण १८.६ टक्के राहिले आणि वाट पाहिलेल्या गटात ते २२.२ टक्के झाले. कळा कशा सुरू झाल्या यापेक्षा त्या सुरू झाल्यावर किती धीर धरला गेला, यावर बरेच अवलंबून असते. धीर धरायला माणसे लागतात, रात्रभर जागणारा कर्मचारीवर्ग लागतो, आणि काही विपरीत घडले तर ‘लवकर शस्त्रक्रिया का केली नाही’ या प्रश्नाला सामोरे जाण्याची तयारी लागते. ‘शस्त्रक्रिया का केली’ हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सिझेरियन वाढण्याची कारणे सांगताना बायकांना कळा सोसवत नाहीत, असे फार सहज म्हटले जाते. मी कळा सोसत होते आणि मला कोणी काही विचारलेही नव्हते.

या निमित्ताने मी जे वाचले त्यात एक वर्गीकरण मला विशेष उपयोगी वाटले. आयर्लंडमधील मायकेल रॉब्सन यांनी २००१ मध्ये प्रसूत होणाऱ्या सर्व स्त्रियांची दहा गटांत विभागणी सुचवली, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयांनी आपले सिझेरियनचे प्रमाण याच गटांनुसार तपासावे अशी शिफारस केली. पहिल्या वेळी मी गट २ मध्ये होते: पहिलटकरीण, दिवस पूर्ण भरलेले, बाळाचे डोके खाली, कळा औषधाने आणलेल्या. दुसऱ्या वेळी मी गट ५ मध्ये गेले, म्हणजे गर्भाशयावर जुना व्रण असलेल्या, दिवस भरलेल्या स्त्रियांमध्ये. सिझेरियनचे प्रमाण जास्त असलेल्या अनेक रुग्णालयांत एकूण सिझेरियनपैकी सर्वांत मोठा वाटा या पाचव्या गटाचा असतो, आणि या गटात येणारी प्रत्येक बाई आधी दुसऱ्या कुठल्या तरी गटातून आलेली असते. जगातील एकूण प्रसूतींपैकी सिझेरियनचे प्रमाण १९९० च्या सुमारास ७ टक्के होते, ते २०२१ पर्यंत २१ टक्क्यांवर पोहोचले, आणि २०३० मध्ये ते २९ टक्के होईल असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. याच संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली होती. २०१५ मध्ये तिने भूमिका अधिक नेमकी केली: लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता आणि नवजात बालकांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, तरीही ठरावीक आकडा गाठण्यापेक्षा ज्या बाईला सिझेरियनची गरज आहे तिला ते मिळेल हे पाहावे. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तिथे शस्त्रक्रिया न मिळाल्याने बायका दगावतात. ब्राझील, इजिप्त, तुर्कस्तान अशा देशांत मात्र निम्म्याहून अधिक मुले सिझेरियनने जन्मतात.

जुन्या व्रणाचा पहिला प्रत्यक्ष हिशेब फार लवकर आला. गरोदरपणाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी झाली, ती केवळ ठोके पाहण्यासाठी नव्हती. गर्भ जुन्या व्रणाच्या खाचेतच रुजला असेल तर तो वाढू देणे आईच्या जिवावर बेतू शकते, म्हणून तो नेमका कुठे आहे हे आधी पाहावे लागते. माझा गर्भ वर, योग्य जागी होता. मग पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) पुढच्या बाजूला आणि खाली असल्याचे दिसले, म्हणजे जुन्या व्रणाच्या जवळ. पहिल्या खेपेस ही बाब कदाचित कोणी विशेष बोललेही नसते, कारण पाचव्या महिन्यात खाली दिसणारी वार बहुतेक वेळा गर्भाशय वाढेल तशी वर सरकते. या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांनी पडदा पुन्हा पुन्हा माझ्याकडून आपल्याकडे वळवला आणि रंगीत डॉप्लरने रक्तवाहिन्या पाहायला सुरुवात केली.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात जिथे व्रण असतो तिथे ते अस्तर नीट तयार होत नाही. वार तिथे रुजली तर तिची मुळे थेट स्नायूत, कधी त्याही पलीकडे मूत्राशयापर्यंत जाऊ शकतात. मग बाळ जन्मल्यावर वार सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही आणि पुष्कळदा गर्भाशय काढून टाकण्यावाचून इलाज राहत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, वार गर्भाशयमुखावर आलेली असताना ती अशी रुतलेली असण्याचे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११ टक्के आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के आढळले होते. म्हणजे प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर हा धोका पायरीपायरीने न चढता उड्या मारत वाढतो. हे आकडे मला त्या दिवशीच समजले, आणि पहिल्या वेळी सहीसाठी पुढे केलेल्या संमतीपत्रात यातले काहीच नव्हते याचा मला संताप आला. त्या कागदावर भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग असे त्या दिवसाचे धोके होते. पुढच्या गरोदरपणाविषयी एक ओळही नव्हती. ज्या बाईला एकच मूल हवे आहे आणि जिला तीन हवी आहेत, त्या दोघींसाठी सिझेरियनचा अर्थ वेगळा असतो. तो निदान कोणी तरी आधी सांगायला हवा.

आठव्या महिन्यात पुन्हा तपासले तेव्हा वार वर सरकली होती आणि स्नायूपासून नीट वेगळी दिसत होती. मधले आठवडे कसे गेले हे लिहिण्यासारखे नाही.

त्यानंतर प्रसूती कशी करायची हा प्रश्न पुढे आला. डॉक्टरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला एकत्र बसवून दोन्ही मार्ग मांडले. “तुम्ही हो म्हणालात तर ट्रायल देऊ, म्हणजे कळा येऊ देऊन योनीमार्गे प्रसूतीचा प्रयत्न करू, पण आधी सगळे ऐका,” असे म्हणून त्यांनी सांगितले, की एका सिझेरियननंतर कळांची वाट पाहिली तर शंभरातील ७२ ते ७५ स्त्रियांची योनीमार्गे प्रसूती होते, आणि आधी एखादे मूल तसे झालेले असेल तर हे प्रमाण ८५ ते ९० पर्यंत जाते. माझे तसे झालेले नव्हते. गर्भाशय उसवण्याचा धोका दोनशेत एक. बाळ दगावण्याचा धोका अतिशय कमी, साधारण पहिलटकरणीच्या बाळाइतका. तारीख ठरवून सिझेरियन केले तर गर्भाशय उसवण्याची भीती जवळजवळ जाते, पण व्रणांची संख्या दोन होते आणि तिसऱ्या गरोदरपणाचे गणित बिघडते. कळा न येता जन्मलेल्या बाळाला सुरुवातीला श्वासाचा त्रास होण्याची शक्यताही थोडी जास्त असते, कारण कळांच्या काळात वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे फुप्फुसांतील द्रव शोषला जातो. म्हणूनच ठरवून करायचे सिझेरियन ३९ आठवड्यांपूर्वी शक्यतो करत नाहीत. आणि तिसरी शक्यता, जिच्याविषयी लोक बोलायचे टाळतात: ट्रायल दिली आणि ती अर्ध्यावर सोडून सिझेरियन करावे लागले, तर त्यात रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा धोका दोन्ही सरळ मार्गांपेक्षा जास्त असतो.

सिझेरियनच्या बाजूनेही त्यांनी प्रामाणिकपणे बोलून घेतले. पुढे लघवीवर ताबा न राहणे किंवा अंग बाहेर येणे या तक्रारी सिझेरियन झालेल्या स्त्रियांत कमी आढळतात, आणि ज्यांनी या तक्रारी भोगल्या आहेत त्यांना हा फायदा किरकोळ वाटणार नाही. मला तिसऱ्या मुलाची शक्यता पूर्ण बंद करायची नव्हती, म्हणून मी ट्रायल निवडली. नवऱ्याने फक्त एवढेच विचारले, की गरज पडली तर शस्त्रक्रियागृह किती वेळात तयार होते. हा प्रश्न मला सुचायला हवा होता असे वाटले, कारण सगळ्या व्यवस्थेचा कणा तोच आहे: रक्त, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह हाताशी नसेल तर अशी ट्रायल देऊच नये.

अटीही स्पष्ट होत्या. कळा आपोआप सुरू होण्याची वाट पाहायची, कारण त्या औषधाने आणल्या तर व्रण उसवण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो, आणि गर्भाशयमुख मऊ करणारे मिसोप्रोस्टॉलसारखे औषध तर जुन्या व्रणावर मुळीच वापरायचे नाही. कळा सुरू झाल्या की घरी थांबायचे नाही, हाताला सुई लावून ठेवायची आणि बाळाचे ठोके पट्ट्याने अखंड नोंदवायचे. एरवी कमी जोखमीच्या प्रसूतीत असा अखंड पट्टा लावल्याने सिझेरियनच वाढतात, हे मी वाचले होते आणि डॉक्टरांना म्हणूनही दाखवले. त्यांनी ते मान्य केले, पण व्रण उसवू लागल्याची पहिली खूण बहुतेक वेळा बाळाच्या ठोक्यांतच दिसते, म्हणून इथे सवलत नाही, असे सांगितले.

दिवस भरत आल्यावर एका रात्री पाणी गेले आणि पहाटेपर्यंत कळा नियमित झाल्या. या वेळचा अनुभव पहिल्यापेक्षा फार वेगळा होता. औषधाच्या कळा एकामागून एक, श्वास घ्यायला उसंत न देता आल्या होत्या. या कळा मात्र चढत, शिखरावर थांबत आणि उतरत. प्रसूतिकक्षातल्या एक अनुभवी सिस्टर जवळजवळ सतत माझ्याजवळ होत्या. बाई एकटी पडून राहण्यापेक्षा तिच्या सोबतीला कोणी अखंड असेल तर सिझेरियन कमी होतात, हे चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. मला त्या सिस्टरांचा हात पाठीवर असताना ते पटवून घ्यायला चाचणीची गरज वाटली नाही. पट्ट्याची वायर जाईल तेवढ्या अंतरात त्यांनी मला उभे केले, टेकवले, कुशीवर वळवले. गर्भाशयमुख ४ सेंटीमीटरच्या पुढे गेले, मग ६ च्याही पुढे. पहिल्या वेळी जिथे सगळे थांबवले गेले होते, तिथून मी बरीच पुढे आले होते, आणि तो आनंद मला त्या वेदनेतही जाणवला.

८ सेंटीमीटरवर प्रगती थांबली. बाळाचे तोंड पाठीकडे असण्याऐवजी पोटाकडे वळलेले होते, त्यामुळे डोके नीट खाली सरकत नव्हते. तरीही डॉक्टरांनी घाई केली नाही. मग कळ ओसरल्यावरही ओटीपोटाच्या अगदी खालच्या बाजूला दुखणे राहू लागले. ते कळेसारखे नव्हते. एका जागी, रेघ ओढल्यासारखे आणि न थांबणारे होते. मी सांगितले तेव्हा सिस्टरांनी डॉक्टरांकडे पाहिले आणि डॉक्टरांनी कागदाच्या पट्टीकडे. प्रत्येक कळेबरोबर बाळाचे ठोके खाली जात होते आणि वर यायला आधीपेक्षा जास्त वेळ घेत होते. “आता थांबू या,” त्या म्हणाल्या, “व्रण काय सांगतोय ते मला दिसत नाहीये, आणि न दिसता पुढे जायचे नाही.” मी लगेच हो म्हटले. पहिल्या वेळचे आणि या वेळचे सिझेरियन यांत मला जाणवलेला खरा फरक हा, की या वेळी थांबण्याचे कारण घड्याळाने दिलेले नव्हते.

शस्त्रक्रियागृहात मला बसवून, पाठ वाकवून कण्यात भुलीचे इंजेक्शन दिले. कळा चालू असताना हलायचे नाही, ही त्या दिवसातली सर्वांत अवघड गोष्ट होती. पाय जड झाले, मग बधिर झाले. भूलतज्ज्ञांनी थंड फवारा मारून बधिरपणा छातीपर्यंत आल्याची खात्री केली. प्रतिजैविक छेद घेण्याआधीच दिले गेले, कारण त्यामुळे जखमेतला जंतुसंसर्ग कमी होतो. पहिल्या वेळी बाळ काही मिनिटांत बाहेर आले होते. या वेळी पडद्यापलीकडे बराच वेळ नुसतीच ओढाताण जाणवत राहिली. जुन्या शस्त्रक्रियेनंतर आतले थर एकमेकांना चिकटले होते, मूत्राशय वर खेचले जाऊन व्रणावर बसले होते, आणि ते इजा न करता सोडवणे हे नाजूक काम होते. मग पोटावर जोराचा दाब आला आणि रडणे ऐकू आले. बाळाला पुसून, पाहून लगेच माझ्या छातीवर दिले. ती कळा सोसून आली होती, म्हणून असेल, पण तिला श्वासाचा त्रास झाला नाही.

टाके घालता घालता डॉक्टरांनी आत काय दिसले ते सांगितले. जुन्या व्रणाच्या जागी स्नायू जवळजवळ उरलाच नव्हता; पारदर्शक पडद्याएवढा थर शिल्लक होता आणि त्यातून बाळाचे केस दिसत होते. व्रण पूर्ण फाटला नव्हता, पण उसवायला लागला होता. आणखी तासभर कळा चालू राहिल्या असत्या तर काय झाले असते, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. गर्भाशय शिवण्याची पद्धत रूढ होण्याचे श्रेय जर्मनीतील माक्स सेंगर यांच्या १८८२ मधील लेखनाला दिले जाते. त्याआधी सिझेरियननंतर गर्भाशय बहुधा न शिवताच ठेवत आणि बहुतेक बायका दगावत. त्या टाक्यांमुळेच सिझेरियन झालेली बाई पुन्हा आई होऊ शकते. पण टाके कितीही नीट घातले तरी काही जणींचा व्रण असाच पातळ भरतो आणि तो कोणाचा भरेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही.

मी पुढच्या दिवसांत याविषयी पुष्कळ विचार केला. माझे दुसरे सिझेरियन निर्विवाद गरजेचे होते. त्याने माझे आणि मुलीचे प्राण वाचवले असण्याची शक्यता मोठी आहे. पण ते गरजेचे झाले ते पहिल्यामुळे, आणि पहिले गरजेचे होते की नाही याविषयी आज तरी मला शंका आहे. आकडेवारीत या दोन्ही शस्त्रक्रियांची नोंद सारखीच होते, आणि दुसरीचे कारण म्हणून ‘पूर्वीचे सिझेरियन’ लिहिले की चौकशी तिथेच संपते. सिझेरियन का वाढली याचे उत्तर शोधणाऱ्याने माझी दुसरी फाइल उघडून उपयोग नाही, पहिली उघडावी.

शस्त्रक्रियेनंतरचे बरे होणे या वेळी संथ होते. आधी कळा, मग छेद, असा दोन्हींचा थकवा एकत्र आला होता. काही तासांतच उठवून बसवले आणि लघवीची नळी निघाल्यावर चालवले, कारण सिझेरियननंतर पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका योनीमार्गे प्रसूतीपेक्षा जास्त असतो. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनेही घ्यावी लागली. खोकताना, हसताना, कुशीवर वळताना उशी पोटाशी दाबून धरायची हे पहिल्या वेळचे शहाणपण कामी आले. मूत्राशय सोडवताना झालेल्या हाताळणीमुळे लघवीच्या वेळी बरेच दिवस आत ओढल्यासारखे होई, ते हळूहळू गेले. व्रणाभोवतीची कातडी मात्र अजूनही बधिर आहे.

मुलांच्या आरोग्याविषयीही मी त्या काळात वाचले, कारण माझी दोन्ही मुले सिझेरियनची. अशा मुलांच्या आतड्यातील सुरुवातीचे जिवाणू वेगळे असतात आणि हा फरक पुढच्या महिन्यांत बराच कमी होतो. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत दमा आणि लहानपणचा लठ्ठपणा या मुलांत काहीसा जास्त आढळला. पण ज्या स्त्रियांचे सिझेरियन होते त्यांचे वजन, वय, आजार हेही वेगळे असतात, त्यामुळे यातले किती शस्त्रक्रियेमुळे आणि किती इतर कारणांनी, हे वेगळे काढणे अवघड आहे. असे संबंध लोकसंख्येच्या पातळीवर महत्त्वाचे असतात. ओल्या बाळंतिणीला ते ऐकवून काहीही साधत नाही. मला ज्यांनी ऐकवले, त्यांच्यापैकी कोणीही पहिल्या सिझेरियनच्या आधी काही बोलले नव्हते.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत स्वतःहून दिली. छेदाचा प्रकार, चिकटलेले थर, व्रणाची अवस्था, सगळे त्यात सविस्तर होते. पुढे कधी गर्भ राहिला तर पाळी चुकताच येऊन सोनोग्राफीत गर्भाची जागा पाहायची, वार खाली असेल तर ती रुतली आहे का हे अनुभवी तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचे, रक्तपेढी आणि निष्णात शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयातच नाव घालायचे आणि कळांची वाट न पाहता ठरवून शस्त्रक्रिया करायची, असे त्यांनी सांगितले. तिसऱ्या मुलाला त्यांनी नकार दिला नाही. ४० टक्क्यांचा तो आकडा वार गर्भाशयमुखावर असेल तेव्हाचा आहे आणि बहुतेक वेळा ती तिथे नसते, हेही त्यांनी पुन्हा समजावले. निर्णय आम्ही पुढे ढकलला. तोवर किमान दोन वर्षे तरी गर्भ राहू नये म्हणून, अंगावर पाजत असताना चालेल असे कोणते साधन वापरायचे, यावर त्या भेटीचा उरलेला वेळ गेला.